रिटर्न भरायला शिकायचंय, पण कुणाकडून?

वाचकाचं पत्र : मी बार्शीची. वय 36, शिक्षण बी.कॉम. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं एका आडत दुकानात टॅलीवर हिशेब लिहायचे. मुलगी झाल्यावर ते सुटलं. आता ती शाळेत जाते, हाताशी वेळ आहे. मोबाईलवर सारखी एक जाहिरात येते : ‘पंधरा दिवसांत इन्कम टॅक्स कन्सल्टंट बना, सरकारमान्य सर्टिफिकेट, घरबसल्या महिना पन्नास हजार.’ फी अठरा हजार, आजच भरली तर बारा. यजमान म्हणतात, हल्ली फॉर्ममध्ये सगळं आपोआप भरून येतं, तुझ्याकडे कोण येणार? शिवाय मी सीए नाही. हे काम मला कायद्याने करता येतं का? आणि हा कोर्स लावू का?

उत्तर :

ताई, काम शिका. हा कोर्स मात्र लावू नका. आणि बारा हजार तर आज मुळीच भरू नका. ‘आजच भरली तर’ असं सांगून जे विकलं जातं, त्याची फी उद्या भरली तरी तेवढीच असते.

तुमच्या कायद्याच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण हे लोक तिच्यावरच दुकान चालवतात. दुसऱ्याचं प्राप्तिकराचं रिटर्न भरून द्यायला आपल्या देशात कुठलाही परवाना लागत नाही. रिटर्न करदात्याचं असतं, त्यातल्या माहितीची जबाबदारी त्याची असते आणि शेवटचं ई-व्हेरिफिकेशनही त्यानेच आधारच्या ओटीपीने किंवा बँकेच्या मार्गाने करायचं असतं. तुम्ही मदतनीस. त्यामुळे ‘सरकारमान्य सर्टिफिकेट’ असं कुणी म्हणालं की एवढंच विचारा : कोणत्या खात्याने, कोणत्या अधिसूचनेने मान्य केलंय? 2006 साली केंद्र सरकारने ‘टॅक्स रिटर्न प्रिपेअरर’ नावाची योजना आणली होती. 1961 च्या प्राप्तिकर कायद्यात तिच्यासाठी 139बी हे कलम होतं आणि पदवीधरांना प्रशिक्षण देऊन प्राप्तिकर खात्यातर्फे ओळखपत्रं दिली गेली होती. त्या नावाशी मिळतंजुळतं प्रमाणपत्र कुणी मोबाईलवर विकत असेल, तर आधी खात्याच्या संकेतस्थळावर तशी सूचना आहे का ते बघा. नसेल तर तो नुसता छापील कागद आहे.

रिटर्न भरणं वेगळं आणि करदात्याच्या वतीने अधिकाऱ्यासमोर उभं राहणं वेगळं. दुसऱ्या कामासाठी कायदा पात्रता मागतो. 1961 च्या कायद्याच्या 288 व्या कलमात सीए आणि वकिलांबरोबरच ठरावीक शैक्षणिक पात्रता असलेल्यांनाही अधिकृत प्रतिनिधी होता येतं, आणि त्या पात्रतेत वाणिज्य पदवी आहे. म्हणजे तुमचं बी.कॉम. तुम्हाला वाटतं तेवढं वाया गेलेलं नाही. पुढे नोटिसांची कामं करावीशी वाटली तर सध्याच्या नियमांत तुमच्या विद्यापीठाची पदवी बसते का ते बघा आणि नोंदणीची चौकशी करा. आत्ता त्याची घाई नाही. टॅक्स ऑडिट मात्र सीएच करू शकतो. आणि पाटीवर, व्हिजिटिंग कार्डावर किंवा व्हॉट्सअॅपच्या नावात ‘सीए’ ही अक्षरं चुकूनही येऊ देऊ नका, सनदी लेखापाल कायद्याखाली तो गुन्हा आहे. ‘कर सल्लागार’ लिहा, पुष्कळ झालं.

आता यजमानांचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे. पगार, बँकेचं व्याज, लाभांश, टीडीएस म्हणजे आधीच कापलेला कर हे सगळं खात्याच्या पोर्टलवर भरून येतं. पण जे कुणीतरी खात्याला कळवलंय तेवढंच तिथे येतं. जे कुणी कळवलं नाही, किंवा चुकीचं कळवलंय, ते माणसाला विचारूनच बाहेर काढावं लागतं. तुमच्या कामाची खरी किंमत या विचारण्याची आहे.

एक उदाहरण नीट बघू. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी तुमच्याकडे आले. हातात पेन्शनचा फॉर्म 16, म्हणजे वर्षात किती पेन्शन मिळाली आणि किती कर कापला याचा दाखला. पोर्टलवर त्यांचा एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती पत्रक, उघडलंत तर त्यात दोन बँकांच्या ठेवींचं व्याज दिसतं. गुरुजी म्हणतात, ‘एक ठेव माझी, दुसरी बायकोची, माझं नाव नुसतं पहिलं आहे.’ मग पैसा कुणाचा होता, व्याज कुणाच्या खात्यात जमा झालं, त्यांनीच बायकोला दिलेला पैसा आहे का, हे विचारावं लागतं. कारण नवऱ्याने दिलेल्या पैशावरचं व्याज बऱ्याचदा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरावं लागतं. पुढे कळतं की त्यांना सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचा हप्ता मिळालाय. मागच्या वर्षांचा पगार एकाच वर्षात आल्यामुळे कर वाढत असेल, तर कलम 89 ची सवलत मिळते. पण त्यासाठी फॉर्म 10ई ऑनलाइन भरावा लागतो आणि तोही रिटर्नच्या आधी. तो न भरता सवलत घेतली तर बंगळुरूच्या प्रक्रिया केंद्राकडून ती सवलत नाकारल्याचं पत्र येतं आणि गुरुजी घाबरून रात्री फोन करतात. शेवटी बँक खातं. पॅनवर ‘सुरेश’ आणि बँकेत ‘सुरेशराव’ असेल तर खातं पोर्टलवर प्री-व्हॅलिडेट होत नाही, म्हणजे त्याची आधी खात्री पटत नाही, आणि रिफंड अडकतो. यातलं काहीही आपोआप भरून येत नाही.

तुमच्या भागात शेतजमिनीच्या विक्रीचीही कामं येतील. शेती आहे म्हणून कर नाही, असं गावात सगळे सांगतात. पण बार्शीसारख्या लाखावर वस्तीच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून सहा किलोमीटरच्या आतली जमीन विकली तर भांडवली नफ्याचा, म्हणजे विक्रीतल्या नफ्यावरच्या कराचा प्रश्न येतो, आणि हे अंतर रस्त्याचं नाही, हवाई धरायचं असतं. दुधाचं उत्पन्न शेतीचं उत्पन्न नाही, हे आडतीत काम केलेल्या तुमच्यासारखीला पटकन कळेल, पण गिऱ्हाईकाला समजावून सांगावं लागेल. गावातली पोरं शेअर बाजारात ऑप्शनमध्ये व्यवहार करतात आणि पगार आहे म्हणून आयटीआर-1 हा रिटर्नचा सगळ्यात साधा फॉर्म भरून मोकळी होतात. त्यांचा तो धंद्याचा नफा-तोटा असतो, तिथे आयटीआर-3 लागतो. आणि ‘बारा लाखांपर्यंत शून्य कर’ ऐकून आलेल्या मुलाला हे सांगावं लागतं की नव्या पद्धतीतली ती सूट शेअर विकून झालेल्या अल्पकालीन नफ्यावरच्या 20 टक्के कराला लागू नाही, मग पगारावरचा कर शून्य असो. हे ऐकून तो दुसऱ्याकडे जाईलही. जाऊ द्या.

यातलं काही पंधरा दिवसांत शिकवलं जात नाही, आणि शिकवलं तर मुरत नाही. त्या कोर्समध्ये बहुतेक एवढंच दाखवतात की कुठल्या रकान्यात काय टाकायचं. तुमच्यासारख्या टॅली येणाऱ्या बाईला ते दोन दुपारच्या सरावात जमेल.

विकत घ्यायच्या कुठल्याही कोर्ससाठी सध्या एक नेमका प्रश्न आहे : रेकॉर्डिंग कोणत्या कायद्यावरचं आहे? प्राप्तिकर कायदा 2025 हा 1 एप्रिल 2026 पासून लागू झालाय. 1961 च्या कायद्याची जागा त्याने घेतली, कलमांचे आकडे बदलले आणि ‘आर्थिक वर्ष – कर निर्धारण वर्ष’ या जोडीऐवजी ‘कर वर्ष’ आलं. पण 2025-26 च्या उत्पन्नाचं रिटर्न, आणि त्याआधीच्या वर्षांची अद्ययावत रिटर्न आणि नोटिसा, हे सगळं जुन्याच कायद्याने चालतं. म्हणजे पुढची काही वर्षं तुम्हाला दोन्ही हाताशी ठेवावे लागतील. जो शिकवणारा हे स्वतःहून सांगत नाही, त्याचे व्हिडिओ जुने आहेत असं समजा.

मग शिकायचं कुठे? पुस्तकी भाग फुकट मिळतो आणि उत्तम दर्जाचा मिळतो. सीए परीक्षा घेणारी संस्था, आयसीएआय, इंटरमीजिएटच्या टॅक्सेशन विषयाचं सगळं अभ्यास साहित्य आपल्या संकेतस्थळावर ठेवते. कुणीही उतरवून घ्यावं. इंग्रजीत आहे, पण आडतीची वही लिहिलेल्या माणसाला त्यातली उदाहरणं समजतात. सगळं वाचू नका. पगार, घर, धंद्याचं उत्पन्न, भांडवली नफा, इतर उत्पन्न ही पाच प्रकरणं, वजावटी आणि टीडीएस एवढं आधी करा, आणि प्रत्येक प्रकरणातली गणितं कागदावर सोडवा. केंद्र सरकारच्या ‘स्वयम’वर वाणिज्य शाखेसाठी प्राप्तिकराचे अभ्यासक्रम येतात. कुणीतरी वेळापत्रक लावून दिलेलं तुम्हाला आवडत असेल तर ते बघा. खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवर प्रत्येक फॉर्म कुणी भरायचा, कुणी नाही, याची माहिती आहे. आयटीआर-1 कुणाला चालत नाही ही यादी तोंडपाठ करा. चुकीच्या फॉर्ममध्ये भरलेलं रिटर्न सदोष ठरतं आणि दुरुस्तीची नोटीस येते.

सराव घरच्यांच्या कागदांवर करा. पोर्टलच्या डाउनलोड विभागात रिटर्न भरण्याची ऑफलाइन युटिलिटी मिळते. ती संगणकावर घेतली की खरं रिटर्न न पाठवताही सगळे रकाने भरून कर काढता येतो. यजमानांचं मागच्या वर्षीचं रिटर्न घ्या, त्याकडे न बघता फॉर्म 16 आणि एआयएसवरून नव्याने भरा, मग दोन्ही शेजारी ठेवून रुपयान् रुपया जुळतोय का बघा. सासऱ्यांचं असेल तर त्यांचं, भावाचं दुकान असेल तर त्याचं. दुकानदारासाठी आयटीआर-4 हा फॉर्म आणि उलाढालीच्या टक्क्यावर नफा धरू देणारं कलम 44एडी शिकाल : रोखीच्या उलाढालीवर निदान 8 टक्के, बँकेतून आलेल्यावर 6 टक्के नफा धरायचा. तुम्हाला आडतीची उलाढाल आणि आडतीचं कमिशन यातला फरक आधीच माहीत आहे. त्याची खूण इथेच पटेल, कारण कमिशनच्या उत्पन्नाला 44एडी चालत नाही.

आणि एक कागद आवर्जून जमवा : रिटर्न तपासून झाल्यावर येणारं 143(1) चं इंटिमेशन. पीडीएफला पासवर्ड असतो, इंग्रजी छोट्या अक्षरांतला पॅन आणि त्यापुढे जन्मतारीख. आत दोन रकाने असतात, एकात तुम्ही काय लिहिलं आणि दुसऱ्यात खात्याने काय धरलं. ज्या ओळीत आकडे वेगळे दिसतात, त्या ओळीवर तुमची एक संध्याकाळ घालवा. का बदललं ते शोधा. कुठल्याही व्हिडिओपेक्षा हा कागद जास्त शिकवतो.

एवढं झालं की एका सीझनसाठी गावातल्या एखाद्या सीएच्या किंवा जुन्या कर सल्लागाराच्या ऑफिसात काम धरा. मे अखेरपर्यंत शेवटच्या तिमाहीचे टीडीएस तपशील भरले जातात, जूनच्या मध्यापर्यंत फॉर्म 16 हातात येतात आणि मग पगारदारांच्या 31 जुलैच्या मुदतीपर्यंत त्या ऑफिसांत पाय ठेवायला जागा नसते. त्या दोन महिन्यांत त्यांना टॅली येणारी, नीट बोलणारी, कागद वेळेत मागवणारी व्यक्ती हवीच असते. पगार कमी देतील. मागून घ्या, फुकट जाऊ नका. तिथे तुम्ही जे शिकाल ते बहुतेक कानाने शिकाल : अनुभवी माणूस समोरच्याला कोणते प्रश्न विचारतो, कधी ‘हे चालणार नाही’ म्हणतो आणि कोणत्या शब्दांत म्हणतो. खरं तर मोबाईलवरच्या बारा हजारांच्या कोर्सपुढे मी हाच पर्याय ठेवते.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. तुमच्याकडे येणाऱ्या पहिल्या काही गिऱ्हाइकांपैकी एकजण नक्की म्हणेल, ‘मॅडम, त्या अमक्याने माझ्या मित्राला चाळीस हजार रिफंड काढून दिला, तुम्ही किती काढून द्याल?’ या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर देता, त्यावर तुमचं पुढचं सगळं ठरणार आहे.

रिफंड काढून देणं नावाचं काम अस्तित्वात नाही. जास्त कापला गेलेला कर परत येतो, बस. पण कमिशनवर खोट्या वजावटी टाकून रिफंड मिळवणाऱ्यांचं एक जाळंच देशात तयार झालं होतं. न भरलेलं घरभाडं, राजकीय पक्षाला न दिलेली देणगी, नसलेलं शैक्षणिक कर्ज, न झालेल्या आजाराचा खर्च. 14 जुलै 2025 रोजी प्राप्तिकर खात्याने देशभरात 150 ठिकाणी अशा मंडळींवर तपासणीची कारवाई केली, त्यात महाराष्ट्रही होता. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे 40,000 करदात्यांनी रिटर्न सुधारून 1,045 कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचं खात्याने तेव्हाच जाहीर केलं. आणि त्यांची एक रीत सांगितली : हे लोक केवळ रिटर्न भरण्यापुरते तात्पुरते ईमेल तयार करायचे आणि नंतर सोडून द्यायचे, त्यामुळे खात्याच्या नोटिसा त्या ईमेलवर जाऊन पडायच्या आणि करदात्याला पत्ताच लागायचा नाही.

विचार करा, त्यात कोण अडकलं? कारखान्यातले कामगार, पोलीस शिपाई, शिक्षक. रिफंडातला वाटा दुसऱ्याने घेतला, पण कर, व्याज आणि दंड आला तो या लोकांच्या दारात. चुकीची माहिती देऊन दडवलेल्या उत्पन्नावरच्या कराच्या 200 टक्के दंड होऊ शकतो. खोटं विवरण भरायला मदत करणाऱ्यावरही खटला भरण्याची तरतूद 1961 च्या कायद्यात 278 व्या कलमात आहे, तेव्हा ‘मी तर नुसतं टाइप केलं’ हा बचाव नाही. पण मी हे तुम्हाला शिक्षेच्या भीतीने सांगत नाही. ज्या माणसाला इंग्रजी वाचता येत नाही तो तुमच्या पुढ्यात आपलं पॅन, आधार आणि ओटीपी ठेवतो, तो तुमच्यावर फार मोठा विश्वास टाकतो. त्याच्या नावावर खोटं लिहायचं नाही, मग गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

म्हणून काही सवयी पहिल्या रिटर्नपासून लावा. प्रोफाइलमध्ये मोबाईल आणि ईमेल करदात्याचाच ठेवा, तुमचा नको. ईमेल नसेल तर त्याच्या मुलाच्या मोबाईलवर त्याच्या नावाने काढून द्या आणि पासवर्ड त्यालाच द्या. वजावटीचा पुरावा बघितल्याशिवाय आकडा टाकू नका. हल्ली फॉर्मच पॉलिसी क्रमांक, कर्ज देणाऱ्याचं नाव असे तपशील मागतो, तेव्हा ‘कागद द्या’ म्हणायला संकोचायचं कारणही उरलं नाही. फी ठरावीक ठेवा, रिफंडाच्या टक्क्यात कधीही नाही. रिटर्न पाठवण्याआधी एकूण उत्पन्न, कर आणि रिफंड हे तीन आकडे मराठीत मोठ्याने वाचून दाखवा आणि ‘बरोबर आहे’ असं त्यांच्या तोंडून ऐका. व्हेरिफिकेशन 30 दिवसांत झालं नाही तर सगळी मेहनत वाया जाऊ शकते, म्हणून शक्यतो ते तिथेच करून घ्या. शेवटी पोचपावती, गणनेचा कागद आणि वापरलेले पुरावे त्यांच्या हातात द्या.

पन्नास हजारांचं म्हणाल, तर हा सीझनचा धंदा आहे. साध्या पगारदार रिटर्नची फी तालुक्याच्या गावी काही शे रुपयांत असते. जून-जुलैत हातात पैसा येतो, नोव्हेंबरात शांतता. वर्षभर चूल चालवायची तर सोबत दुकानदारांचे हिशेब लिहिणं, टीडीएसची तिमाही विवरणपत्रं, अॅडव्हान्स टॅक्सच्या जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च या हप्त्यांची गणना अशी कामं जोडावी लागतात. तिथे तुमची टॅली तुम्हाला खूप पुढे नेईल, कारण बार्शीत आडती, भुसार दुकानं, डाळमिली आहेत आणि त्यांच्या वह्या तुम्हाला कळतात. जीएसटीची कामं पुढच्या टप्प्यावर घ्या. त्याची प्रॅक्टिशनर नोंदणी वेगळी, परीक्षा वेगळी आणि महिन्याच्या तारखांचा ताणही वेगळा. दोन्ही एकदम सुरू करू नका.

पहिल्या वर्षी ओळखीतल्या पगारदार आणि पेन्शनरांची रिटर्नच घ्या. परदेशातली मालमत्ता, मोठी जमीन विक्री, फेरतपासणीची नोटीस असं काही आलं की ज्यांच्या ऑफिसात शिकलात त्यांच्याकडे पाठवा आणि बसून बघा. स्वतःचं काम सुरू केलं की गुमास्त्याची, म्हणजे दुकान-ऑफिसची, ऑनलाइन नोंद आणि व्यवसाय कराची नोंदणी करून घ्या, या कराचे वर्षाला 2,500 रुपये भरावे लागतात. गिऱ्हाइकांच्या पैशांचा आणि घरखर्चाचा गोंधळ होऊ नये म्हणून बँकेत वेगळं खातं उघडा. आणि मार्च सुरू झाला की सोलापूर-बार्शीतल्या ऑफिसांत स्वतः जाऊन विचारा, फोनवर नको. टॅली येते आणि आडतीचा अनुभव आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगा.